त्रास नसताना रक्तदाब कसा मोजावा आणि घरातले मीठ कसे तपासावे

माझ्या मोठ्या मामांचा उच्च रक्तदाब मोतीबिंदूमुळे उघडकीस आला. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासणीत त्यांचा रक्तदाब वरचा १९० आणि खालचा ११० भरला, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, आणि पाठोपाठ केलेल्या रक्ततपासणीत क्रिएटिनीन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेले निघाले, म्हणजे मूत्रपिंडांवर परिणाम होऊ लागला होता. मामा तेव्हा ५८ वर्षांचे होते. कांजूरमार्गहून फोर्टमधल्या कार्यालयात रोज जात होते आणि घराचे तीन जिने न थांबता चढत होते. “माझं कधी डोकंसुद्धा दुखलं नाही,” एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि ते खरेच सांगत होते.

रक्तवाहिन्यांतला दाब वाढला तरी तो माणसाला जाणवत नाही. वाढत्या दाबाशी जुळवून घेण्यासाठी रक्तवाहिन्यांच्या भिंती हळूहळू जाड आणि ताठर होतात, हृदयाचा डावा कप्पा अधिक जोर लावू लागतो व त्याचा स्नायू जाड होतो, मूत्रपिंडांतल्या आणि डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक वाहिन्यांना इजा होत राहते, आणि हे सारे वर्षानुवर्षे काहीही न दुखता चालू असते. डोकेदुखी, चक्कर किंवा चिडचिड यांवरून रक्तदाबाचा अंदाज बांधता येत नाही. उलट, चक्कर आली की “बीपी लो झालं असेल” असे म्हणून मीठ घातलेले लिंबूपाणी देण्याची पद्धत घरोघरी आहे. न मोजता केलेला हा उपाय ज्याचा रक्तदाब मुळात वाढलेला आहे त्याच्यासाठी नेमका उलटा ठरू शकतो. मुंबई महानगरपालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये १८ ते ६९ वयोगटातल्या मुंबईकरांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ३४ टक्के लोकांमध्ये उच्च रक्तदाब आढळला होता. म्हणजे लोकलच्या तीन जणांच्या बाकावर सरासरी एक जण.

मोजणी कोणी आणि कुठे करावी

वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा रक्तदाब मोजून घ्यावा. आईवडिलांपैकी कोणाला उच्च रक्तदाब, पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, स्वतःला मधुमेह असेल, वजन जास्त असेल किंवा तंबाखूची सवय असेल, तर तिशीची वाट पाहू नये. आणखी एक गट असा आहे की ज्याच्याकडे फार दुर्लक्ष होते: गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता त्या स्त्रिया. बाळंतपणानंतर रक्तदाब उतरला की ते प्रकरण मिटले असे घरचे समजतात. प्रत्यक्षात अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब आणि हृदयविकार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. माझ्या मते त्यांनी ही गोष्ट प्रत्येक नव्या डॉक्टरांना आपणहून सांगावी, कारण विचारले जाईलच असे नाही.

मुंबईत मोजणीसाठी पैसे खर्च करावे लागत नाहीत. महापालिकेचे दवाखाने, ‘आपला दवाखाना’ योजनेतली केंद्रे, तसेच केईएम, नायर, सायन आणि कूपर यांसारखी पालिका रुग्णालये इथे रक्तदाब मोजला जातो. ‘आपला दवाखाना’ची अनेक केंद्रे संध्याकाळीही उघडी असतात, त्यामुळे नोकरदारांना रजा काढावी लागत नाही, आपल्या वॉर्डातल्या केंद्राची वेळ एकदा विचारून ठेवावी. गणेशोत्सवात मंडळे आणि सोसायट्या आरोग्य शिबिरे भरवतात, तिथेही अवश्य मोजावे, मात्र मांडवातल्या गोंगाटात, उभ्या रांगेतून नुकतेच खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या दंडावर आलेला आकडा हा निदान नसतो. तो जास्त आला तर घाबरू नये, आणि तो विसरूनही जाऊ नये. त्या आठवड्यातच शांतपणे पुन्हा मोजून घ्यावा.

योग्य रीतीने कसे मोजावे

घरात चाळिशीपुढची दोन माणसे असतील तर दंडावर पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र विकत घेण्यासारखे आहे. मनगटावरची यंत्रे सोयीची वाटतात, पण हात जरा वरखाली झाला तरी आकडा बदलतो, म्हणून ती टाळावीत. पट्टा दंडाच्या मापाचा असणे फार महत्त्वाचे आहे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वाढतो. खरेदीपूर्वी खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजावा आणि खोक्यावर लिहिलेल्या मापाशी ताडून पाहावा.

मोजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, विडी, सिगारेट, तंबाखू यांपैकी काहीही घेऊ नये आणि जिने चढून आलेले नसावे. लघवीला जाऊन यावे. मूत्राशय भरलेले असेल तर वरचा आकडा १० ते १५ अंकांनी सहज वाढतो, आणि दवाखान्यात तासभर रांगेत बसलेल्या माणसाच्या बाबतीत हे हमखास घडते. मग पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर, दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. पलंगाच्या कडेवर पाय लोंबकळत बसू नये. हात टेबलावर असा टेकवावा की पट्टा छातीच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीत येईल. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटे वर बांधावा. सदऱ्याची बाही गोळा करून दंडाला काच बसत असेल तर सदरा काढावा.

यंत्र चालू असताना बोलू नये. हा नियम आपल्याकडे सर्वांत जास्त मोडला जातो, कारण मोजणारी व्यक्ती त्याच वेळी “काय, जेवण झालं का?” असे विचारते आणि आपण उत्तर देतो. तेव्हा हात किंचित हलवून ‘थांबा’ अशी खूण करण्यात काही उद्धटपणा नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिल्या खेपेस दोन्ही दंडांवर मोजून पाहावे; एका हाताचा आकडा सतत जास्त येत असेल तर पुढे त्याच हातावर मोजत जावे, आणि फरक १० अंकांहून अधिक असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आकडा जास्त आला की खात्रीसाठी सात दिवसांची वही ठेवावी. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळ्यांच्या आधी दोन मोजण्या. रात्री झोपण्यापूर्वी दोन मोजण्या. चारही आकडे जसेच्या तसे, वेळेसह लिहावेत. जास्त आलेला आकडा “आज दगदग झाली होती” म्हणून गाळण्याचा मोह होतो, पण तो आकडाच डॉक्टरांना हवा असतो. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढावी.

सरासरी काय सांगते

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब वरचा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक असेल, तर आपल्याकडे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्ही आकडे वाढलेले असण्याची गरज नसते. एक वाढला तरी पुरे. घरच्या मोजणीसाठी हीच मर्यादा १३५ आणि ८५ धरतात, कारण घरी माणूस निवांत असतो. १२० आणि ८० च्या आत असणे उत्तम. या दोन मर्यादांच्या मध्ये आकडा असलेल्यांना बहुतेकदा लगेच गोळी लागत नाही, पण पुढे लिहिलेल्या सवयींचा बदल त्यांना फार उपयोगी पडतो. काहींचा रक्तदाब फक्त डॉक्टरांसमोर वाढतो, तर काहींचा नेमका उलट, दवाखान्यात नीट आणि घरी किंवा कामावर जास्त असतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण तो दवाखान्यातल्या मोजणीत सापडत नाही. वही ठेवण्याचे खरे कारण हेच.

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. आकडा तसाच राहिला आणि काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे किंवा आयुष्यात कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. ही लक्षणे दिसली तर आकडा कितीही असो, मोजत बसू नये. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ कागदावर लिहून ठेवावी, कारण पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि मुंबईतल्या रहदारीत त्यातला किती वेळ रस्त्यावर जाईल हे आपल्याला ठाऊक आहे. शेजाऱ्यांकडची बीपीची गोळी जिभेखाली ठेवणे, तोंडात पाणी घालणे, हे करू नये. दाब एकदम खाली आला तर मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो, आणि गिळता येत नसलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी जाऊ शकते.

मिठाचा पुडा

सवयींपैकी मी मिठापासून सुरुवात करतो, कारण ते घरात मोजता येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ सुचवले आहे, आणि त्यात बाहेरच्या खाण्यातले मीठही धरलेले आहे. आपल्या घरात किती मीठ लागते हे पाहण्यासाठी एक किलोचा नवा पुडा फोडताना त्यावर तारीख लिहावी. घरात चार मोठी माणसे असतील आणि पुडा ३० दिवसांत संपला, तर दर माणशी दिवसाला सुमारे ८ ग्रॅम मीठ होते. ५ ग्रॅमच्या हिशोबाने तोच पुडा ५० दिवस पुरायला हवा, आणि बाहेरचा वडापाव, शेव, चिवडा जमेस धरला तर त्याहूनही जास्त. हा हिशोब ढोबळ आहे, पण तो एकदा केला की घरातल्या सर्वांना एकाच वेळी पटतो, जे उपदेशाने होत नाही.

मीठ एकदम अर्धे केले तर जेवण बेचव लागते आणि चौथ्या दिवशी सारे पूर्ववत होते. दर आठवड्याला थोडे थोडे कमी करावे. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. आधी ताटातून वरचे मीठ उचलावे. भाताच्या पाण्यात आणि पोळी-भाकरीच्या पिठात मीठ घालणे बंद करावे, कारण ती आमटी-भाजीबरोबरच खायची असतात. आमटीला कोकम, चिंच, लिंबू, आले, ओले खोबरे, कोथिंबीर यांची जोड दिली की मिठाची उणीव कमी भासते. लोणचे, पापड, सांडगी मिरची, खारा बांगडा हे रोजच्या ताटातून काढून सणावारी ठेवावेत. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, आणि तोही सोडियमच. पाव, बिस्किटे, टोस्ट, तयार सॉस आणि झटपट नूडल्स यांतले मीठ जिभेला फारसे कळत नाही, म्हणून पाकिटावर सोडियमचा आकडा वाचावा; ग्रॅममधल्या सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते.

सैंधव किंवा काळे मीठ बीपीला चालते, हा समज चुकीचा आहे. दोन्हींत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे उपवासाच्या दिवशी खिचडी, वेफर्स आणि ताक यांतून पोटात जाणारे सैंधवही त्या ५ ग्रॅममध्येच मोजावे. पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठ मात्र रक्तदाब खरोखर उतरवते. तरीही मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये, कारण रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. आमच्या मामींनी कौतुकाने आणलेले असे मीठ मामांसाठी बंद करावे लागले, ते याच कारणाने.

मशेरी, काढे आणि दुखऱ्या गुडघ्याच्या गोळ्या

तंबाखूविषयी विचारले की पुरुषांना सिगारेट आणि गुटखा यांबद्दल विचारले जाते, आणि घरातल्या बायकांची मशेरी तशीच राहून जाते. सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने लावलेली मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातल्या निकोटीनमुळे नाडी आणि रक्तदाब वाढतात, आणि ती दिवसातून तीनचारदा लावली जात असेल तर तो परिणाम दिवसभर टिकतो. अनेक जणींना हे व्यसन आहे असे वाटतच नाही, म्हणून प्रश्न आडवळणाने नको, थेट आणि आदराने विचारावा. दारू रोज घेणाऱ्यांचाही रक्तदाब वाढतो, आणि ती कमी केल्यावर तो उतरतो.

औषधांमुळे वाढणारा रक्तदाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाबाच्या गोळीचा परिणामही कमी करतात. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, काही गर्भनिरोधक गोळ्या आणि स्टेरॉइड हेही दाब वाढवतात. फसफसणाऱ्या अ‍ॅसिडिटीच्या पुड्यांत भरपूर सोडियम असते. ज्येष्ठमध घशाला गुणकारी म्हणून आपण त्याचा काढा बिनघोर घेतो, पण तो बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे, काढे आणि चूर्णे एका पिशवीत घालून न्यावीत. नावे आठवून सांगण्यापेक्षा ते बरे.

गाडी, झोप आणि चालणे

विरार, बदलापूर किंवा पनवेलहून रोज मुंबईत येणाऱ्या माणसाला “ताण घेऊ नका, सकाळी तासभर फिरा” असे सांगण्यात अर्थ नाही. त्याचे तीन-चार तास प्रवासात जातात आणि ते झोपेतूनच वजा होतात. रोज सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक आढळतो, त्यामुळे माझा आग्रह असा की व्यायामासाठी झोपेचा आणखी अर्धा तास कापू नये. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे पुरते, आणि ते दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत केले तरी चालते: स्टेशनापर्यंत शेअर रिक्षाऐवजी पायी जाणे, कार्यालयात जेवणानंतर एक फेरी, सुटीच्या दिवशी शिवाजी पार्क किंवा जवळचे मैदान. चालण्याचा वेग असा असावा की बोलता येईल पण गाता येणार नाही. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. वजन एक किलो उतरले तर वरचा आकडा साधारण एक अंकाने उतरतो.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे आणि दिवसा गाडीत बसताक्षणी डुलकी लागणे, ही निद्राश्वसनरोधाची, म्हणजे झोपेत वारंवार श्वास थांबण्याच्या विकाराची, लक्षणे असू शकतात. या विकारात रक्तदाब बरेचदा गोळ्यांनीही नीट आटोक्यात येत नाही. घोरणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्याने ते डॉक्टरांना सांगावे.

गोळी सुरू झाल्यावर

निदान झाल्यावर क्रिएटिनीन, पोटॅशियम, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतले प्रथिन आणि ईसीजी या तपासण्या करून घ्याव्यात. गोळी एकदा लागली की जन्माची लागते, या भीतीने लोक ती सुरूच करत नाहीत. गोळीची सवय लागत नसते. दाब वाढवणारे कारण शरीरात टिकून असते, म्हणून गोळी लागत राहते. वजन आणि मीठ खरोखर कमी झाल्यावर डॉक्टरांनी मात्रा घटवल्याची उदाहरणे आहेत, पण आकडा १२८ आला म्हणून आपणच गोळी बंद केली, तर तो १२८ गोळीमुळे होता हे पुढच्या मोजणीत दिसते. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, रामिप्रिल किंवा एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो. अशा वेळी गोळी न सोडता बदलून मागावी. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी ते आधीच सांगावे, कारण टेल्मिसार्टन आणि त्या जातीची औषधे गरोदरपणात चालत नाहीत. खर्चाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात यांपैकी बरीचशी औषधे कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ (जेनेरिक) नावाने स्वस्त मिळतात आणि पालिकेच्या दवाखान्यांतही ती दिली जातात.

गोळीची वेळ रोज चुकत नसलेल्या एखाद्या कामाशी जोडावी. मामांची गोळी डब्याच्या पिशवीशेजारी असते, आणि डबा उचलण्याआधी ती घेतली जाते. त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सात आठवड्यांनी झाली. क्रिएटिनीन पूर्वीच्या आकड्यावर उतरले नाही, पण वाढायचेही थांबले. ते दर तीन महिन्यांनी तपासले जाते, आणि त्या दिवशी मामा आपले यंत्रही सोबत नेतात, म्हणजे डॉक्टरांच्या यंत्राशी ते ताडून पाहता येते.